समानतेच्या हिशेबात पुरुषाच्या वाट्याला काय येतं?

प्रश्न: माझं वय ४१. आमच्या कंपनीत वरच्या जागांवर स्त्रियांचं प्रमाण वाढवायचं ठरलं आणि तीन वर्षं ज्या बढतीची वाट पाहत होतो, ती एका सहकारी बाईंना मिळाली. घरी बायकोचा पगार माझ्यापेक्षा जास्त झाला आहे. समानतेच्या कार्यशाळेत बसलो की आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटतं. या सगळ्यात पुरुषाला नुकसानीखेरीज काही मिळतं का? की हे विचारणंसुद्धा आता चूक?

उत्तर: विचारणं अजिबात चूक नाही. गेली बावीस वर्षं मी मुख्यतः पुरुषांबरोबर काम करतो आहे, समुपदेशनाच्या खोलीत एकेकट्याशी आणि कार्यशाळांमध्ये तीस-चाळीस जणांशी. तुमचा प्रश्न प्रत्येक कार्यशाळेत येतो. मात्र सभागृहात कुणी तो विचारत नाही, मधल्या सुट्टीत मला जिन्यापाशी गाठून विचारतात. तुम्ही तो लिहून पाठवलात, तेव्हा मीही आडपडदा न ठेवता लिहितो.

पुरुषांचं काही जातं का? हो, जातं. ‘कुणाचंच काही जात नाही, सगळ्यांचा फायदाच फायदा’ असं सांगणारे माझ्याच क्षेत्रात पुष्कळ आहेत. ते तसं म्हणतात आणि समोरचे पुरुष तिथेच कान बंद करतात, कारण आकडेमोड त्यांनाही येते. नॉर्वेने २००३ मध्ये कायदा करून मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांवर किमान ४० टक्के स्त्रिया हव्यात असं ठरवलं आणि २००८ पर्यंत ते करूनही घेतलं. पाच खुर्च्यांपैकी दोन. त्या खुर्च्यांवर आधी बहुतेक पुरुषच होते. म्हणजे काही पुरुष उठले आणि काहींना बसायलाच मिळालं नाही. हे नुकसानच आहे, त्याला दुसरं गोंडस नाव देण्यात अर्थ नाही.

पुढचा प्रश्न असा की नेमक्या कोणत्या पुरुषांचं जातं. यावर स्वीडनमधला एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. तिथल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने १९९३ मध्ये ठरवलं की निवडणुकीच्या यादीत एक पुरुष, एक स्त्री अशी आलटूनपालटून नावं लावायची. अर्थातच गुणवत्तेची ओरड झाली. नंतर चार अर्थशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षांच्या नोंदी तपासल्या. एकाच वयाच्या, एकाच शिक्षणाच्या आणि एकाच पेशातल्या माणसांत कोण जास्त कमावतो, हा त्यांनी कर्तबगारीचा निकष धरला. तेव्हा दिसलं ते असं की जिथे हा नियम जास्त जोरात लागू झाला, तिथे निवडून येणाऱ्या पुरुषांचाच दर्जा वाढला. सुमार पुरुष गळले, त्यातही सुमार नेते आधी. कारण सुमार नेता आपल्याभोवती आपल्याहून सुमार माणसं गोळा करतो आणि नवा नियम आला की ती सगळी उतरंड हलते. चांगल्या पुरुषांना या नियमाचा उपद्रव झाला नाही. उलट त्यांच्या वाटेतली अडगळ कमी झाली.

तुम्ही यातले कोणते, हे मी इथे बसून सांगू शकत नाही आणि तो आगाऊपणा करणारही नाही. कदाचित त्या बाई तुमच्यापेक्षा सरस होत्या. कदाचित नव्हत्या आणि कुणीतरी वरच्याला आकडा दाखवायची घाई होती. दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत. म्हणून एक व्यवहाराचं सांगतो. बढतीचे निकष काय होते आणि त्यात आपण कुठे कमी पडलो, हे लेखी मागा. रागाने नको, नेहमीच्या कामाच्या भाषेत मागा. निकष नीट असतील तर पुढच्या वेळची तयारी कळेल. ते नसतील, तर तुमचं भांडण त्या बाईंशी नसून निकष न ठेवणाऱ्या व्यवस्थापनाशी आहे. अशा ठिकाणी याआधीच्या बढत्याही निकषांशिवायच झाल्या असणार, तेव्हा त्या पुरुषांना मिळत होत्या म्हणून कुणी विचारलं नाही, एवढंच.

आता घराकडे येतो, कारण तुमच्या पत्रातलं खरं दुखणं मला तिथे दिसलं. पगाराचं वाक्य तुम्ही मधेच, घाईघाईत उरकलं आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ येत होते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलतो, पण गाभा हाच. त्यांची नोकरी गेली होती. बायकोची नोकरी उत्तम चाललेली, घरात पैशाची ओढाताण नव्हती. तरी हा माणूस सलग नऊ आठवडे रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, खांद्याला बॅग लावून, ठरल्या वेळी घरातून बाहेर पडत होता. दिवसभर एका सार्वजनिक वाचनालयात बसायचा आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळी परतायचा. वर मुद्दाम उशीर करून ‘आज मीटिंग लांबली’ असंही सांगायचा. बायकोला कळलं तेव्हा ती नोकरी गेल्याबद्दल एक शब्द बोलली नाही. ती इतकंच म्हणाली, “नऊ आठवडे मी कुणाबरोबर राहत होते?”

त्या माणसाला समानतेने घरातून बाहेर काढलं नव्हतं. बायकोने कधी हिशेब मागितला नव्हता. त्याला बाहेर काढत होती ती त्याच्याच डोक्यातली जुनी पाटी: कमावतो तो पुरुष. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश संशोधनात अमेरिकेतल्या सहा हजारांहून जास्त जोडप्यांची पंधरा वर्षांची माहिती पाहिली होती. पुरुषाचा मानसिक ताण सर्वांत कमी कधी? बायको घरच्या उत्पन्नातला ४० टक्के वाटा उचलते तेव्हा. सगळा भार एकट्याच्या खांद्यावर असतो तेव्हा ताण जास्त असतो. बायकोचा वाटा चाळीसच्या वर जाऊ लागला की तो पुन्हा चढतो. यातला एक बारकावा बहुतेक जण सांगत नाहीत: लग्नाच्या वेळीच जिची कमाई जास्त होती, तिच्या नवऱ्याच्या बाबतीत हा चढ दिसत नाही. म्हणजे टोचतो तो पैसा नाही. ‘मी इथे कोण?’ या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर मधेच बदललं, ते टोचतं.

माझं म्हणणं थोडक्यात हेच आहे. मी पाहिलेल्या पुरुषांना जो त्रास होतो, त्यातला बराचसा समानतेचा नसून अर्धवट समानतेचा असतो. जुने मान गेले आणि जुनी कर्तव्यं तशीच मानगुटीवर राहिली. घरातला शेवटचा शब्द आपला राहिला नाही, पण हप्ता थकला तर नाचक्की मात्र आपलीच. बायको कमावते, तरी लग्नाच्या बाजारात मुलाचाच पगार आधी विचारतात. रडलेला चालतो म्हणे, पण रडल्यावर समोरचा गडबडतो. अशी लटकलेली अवस्था वाईटच असते. तिच्यातून मागे फिरायची वाट मला तरी दिसत नाही. कारण मागे जायचं तर बायकोचा पगार आणि मुलीचं शिक्षण दोन्ही परत करावं लागेल, आणि ते करायला तयार असलेला बाप मला अजून भेटलेला नाही.

आता मिळण्याची बाजू. इथे मला कायद्याची एक गोष्ट सांगायला आवडते. अमेरिकेत स्टीफन वाइझेनफेल्ड नावाचा माणूस होता. बायको पॉला शिक्षिका, कमाई तिची जास्त. १९७२ मध्ये ती बाळंतपणात गेली, मुलगा वाचला. स्टीफनने ठरवलं, आपण घरी राहून मुलाला वाढवायचं. पॉलाच्या पगारातून सामाजिक सुरक्षेचा हप्ता नियमित कापला गेला होता. पण लहान मूल असलेल्या जोडीदाराला मिळणारा भत्ता फक्त विधवेला होता, विधुराला नव्हता. त्याने चिडून वर्तमानपत्राच्या संपादकाला पत्र लिहिलं. ते एका वकील बाईंपर्यंत पोहोचलं आणि त्यांनी खटला थेट सर्वोच्च न्यायालयात नेला. १९७५ मध्ये निकाल एकमताने त्याच्या बाजूने लागला. त्या वकील म्हणजे रूथ बेडर गिन्सबर्ग, पुढे त्याच न्यायालयाच्या न्यायमूर्ती झाल्या.

गिन्सबर्ग यांनी असे पुरुष अशील जाणूनबुजून घेतले. त्याच्याही आधी चार्ल्स मॉरिट्झ नावाच्या अविवाहित माणसाचा खटला त्यांनी आपल्या वकील नवऱ्यासोबत लढवला होता. तो म्हाताऱ्या आईला सांभाळायचा. त्यासाठी ठेवलेल्या माणसाच्या खर्चावर करसवलत मागितली तर उत्तर मिळालं, अविवाहित मुलगी असतास तर दिली असती. १९७२ मध्ये तोही खटला जिंकला. ब्रिटनमध्ये १९९० साली तर चक्क पोहण्याच्या तलावाच्या तिकिटावरून प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेलं. ६१ वर्षांच्या बायकोला प्रवेश फुकट, त्याच वयाच्या नवऱ्याला ७५ पेन्स, कारण फुकट प्रवेश निवृत्तीचं वय गाठलेल्यांना होता आणि ते वय तिला साठ, त्याला पासष्ट. नवरा जिंकला. ७५ पेन्ससाठी एवढा खटाटोप, असं हसून सोडून देता येईल. पण ‘बाई म्हणजे सांभाळली जाणारी आणि पुरुष म्हणजे सांभाळणारा’ हे गृहीतक दोन्हीकडून कापतं, हे मला कुठल्याही व्याख्यानापेक्षा या तिकिटाने नीट समजावलं.

तरी सर्वांत मोठा बदल न्यायालयात झाला नाही. तो बाळाच्या खोलीत झाला. स्वीडनने १९७४ मध्ये मातृत्व रजेऐवजी आई किंवा बाप कुणीही घ्यावी अशी पालक रजा आणली, असं करणारा तो जगातला पहिला देश. हक्क कागदावर आला आणि त्या पहिल्या वर्षी एकूण रजेच्या दिवसांपैकी बापांनी घेतले अर्धा टक्का! नॉर्वेने १९९३ मध्ये वेगळी युक्ती केली: चार आठवडे फक्त बापाचे, त्याने घेतले नाहीत तर बुडाले, आईला देता येणार नाहीत. त्याआधी शंभरात जेमतेम तीन बाप रजा घ्यायचे. काही वर्षांतच घेणारे बहुसंख्य झाले आणि न घेणाऱ्याला लोक कारण विचारू लागले. याच नियमावरचं एक संशोधन सांगतं की सहकाऱ्याने रजा घेतली असेल तर शंभरातले आणखी ११ जण रजा घेतात, भावाने घेतली असेल तर आणखी १५. आणि रजा घेणारा वरिष्ठ अधिकारी असेल तर कार्यालयातला परिणाम अडीच पटींहून जास्त. साहेबाने रजा घेतली की बाकीच्यांची भीड चेपते, इतकी ही साधी गोष्ट आहे. याच्या उलट जपान: बापांसाठी वर्षभरापर्यंतची रजा कायद्यात होती, पण २०१९ पर्यंत शंभरात आठ बापसुद्धा ती घेत नव्हते. हक्क होता, भीड गेली नव्हती. पुढे नियम आणि नोकरदात्यांवरची जबाबदारी वाढवल्यावर २०२३ मध्ये ते प्रमाण तिसावर गेलं.

नॉर्वेतल्या त्या बापांच्या घरांचं पुढे काय झालं, तेही पाहिलं गेलं. नियमानंतर जन्मलेल्या मुलांच्या घरांत, दीड दशकानंतरसुद्धा, कामाच्या वाटणीवरून होणारी भांडणं ११ टक्क्यांनी कमी होती आणि कपडे धुण्याचं काम समसमान वाटून घेण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त. चार आठवड्यांच्या रजेने पंधरा वर्षांची धुणी बदलली, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

माझ्या गटांत मी एक छोटा खेळ घेतो. प्रत्येकाला कोरा कागद देऊन तीन उत्तरं लिहायला सांगतो: मुलाच्या बुटाचा नंबर, त्याच्या वर्गशिक्षकांचं नाव, आणि गेल्या महिन्यात तो रात्री कशाने दचकून उठला. मोठमोठे हिशेब तोंडपाठ असलेली माणसं पेन धरून बसतात. एकदा एकाने हळूच खिशातून फोन काढून बायकोला मेसेज केला, ‘बुटाचा नंबर काय?’ तिचं उत्तर आलं, ‘कुणाच्या?’ आधी सगळे हसले, मग तो स्वतः हसला आणि मग गप्प झाला. पुढच्या महिन्यात तो आला तेव्हा नंबर त्याला पाठ होता, कारण बूट त्याने स्वतः जाऊन आणले होते. मुलगा दुकानभर धावला आणि ‘बाबा, हे पळायचे बूट आहेत’ असं म्हणाला, हे त्याने मला दोनदा सांगितलं. याला लाभ म्हणायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. कुठल्याही पगारपत्रकात तो दिसत नाही आणि म्हणूनच पुरुषांच्या हिशेबातून निसटतो.

तब्येतीचं बघा. जगभरात पुरुषांच्या आत्महत्यांचं प्रमाण स्त्रियांच्या दुपटीहून जास्त आहे आणि आयुष्यही सरासरी सुमारे पाच वर्षांनी कमी. यात शरीराचा वाटा आहेच. पण डॉक्टरकडे उशिरा जाणं, दारू, वाहनाचा वेग, मन मोकळं करायला कुणी नसणं, हा शिकवलेला भाग आहे. नॉर्वेतले समाजशास्त्रज्ञ ओयस्टाइन हॉल्टर यांनी युरोपातले देश आणि अमेरिकेतली राज्यं यांची तुलना केली, तेव्हा जिथे समानता जास्त तिथे पुरुषांमध्ये नैराश्य कमी आणि हिंसक मृत्यूही कमी आढळले. एकामुळेच दुसरं घडलं असं यावरून सिद्ध होत नाही, सधन आणि शांत समाजात दोन्ही एकत्र वाढत असतील. पण ‘समानतेने पुरुष खचतो’ हा दावा मात्र या आकड्यांपुढे टिकत नाही.

शिकवलेलं बदलता येतं, याचा माझा आवडता दाखला समुद्रातल्या तेलविहिरींवरचा आहे. रॉबिन इली आणि डेब्रा मेयरसन या दोन संशोधिकांनी मेक्सिकोच्या आखातात तेल काढण्यासाठी उभारलेल्या दोन फलाटांवर अभ्यास केला. तिथे जवळजवळ सगळे पुरुष, काम जिवावरचं. कंपनीने सुरक्षेसाठी कामाची पद्धतच बदलली होती: चूक झाली तर बोलायची, जमत नसेल तर मदत मागायची, घरी काही बिनसलं असेल तर पाळी सुरू होण्याआधी सांगायचं. पंधरा वर्षांत कंपनीतले अपघात ८४ टक्क्यांनी घटले आणि उत्पादन वाढलं. तिथे कुणी समानतेचं भाषण दिलं नव्हतं. सतत कणखर दिसण्याची सक्ती काढून घेतली, एवढंच. मला विचाराल तर पुरुषांसाठी यातला सगळ्यात मोठा लाभ हाच आहे, न येणाऱ्या गोष्टीला ‘येत नाही’ म्हणण्याची मुभा.

काही तक्रारी मात्र पुरुषांच्या रास्तच आहेत आणि त्या ऐकल्या जात नाहीत. बऱ्याच देशांत मुलगे वाचनात मुलींच्या मागे पडले आहेत आणि पदवी घेणाऱ्यांत मुली जास्त आहेत. जगातल्या परिचारिकांमध्ये सुमारे ८५ टक्के स्त्रिया आहेत. अभियांत्रिकीत मुलींना आणायला मोहिमा निघतात, पण शुश्रूषेत मुलग्यांना आणायला तेवढा उत्साह दिसत नाही. घटस्फोटानंतर मुलाच्या ताब्याच्या प्रश्नात बापाला पाहुणा समजणं हेही त्याच जुन्या पाटीचं दुसरं टोक. या तक्रारी समानतेच्या विरोधातल्या नाहीत, तिच्या उरलेल्या कामाच्या यादीतल्या आहेत. त्या मांडताना ‘बायकांना फार दिलं’ इथून सुरुवात केली की ऐकणारे निघून जातात. सुरुवात ‘मुलग्यांना हेही हवं’ इथून करा.

तुमच्या कार्यशाळेबद्दल: आरोपीचा पिंजरा वाटत असेल तर बहुधा ती कार्यशाळा वाईट आहे. मीही सुरुवातीची चार-पाच वर्षं तशाच घेतल्या. आकडे फेकायचो, पुरुष हाताची घडी घालून बसायचे आणि जाताना अभिप्रायाच्या कागदावर ‘छान’ लिहून जायचे. अपराधी वाटलेला माणूस बदलत नाही, तो पुढच्या वेळी मागच्या रांगेत बसतो. पुन्हा बोलावलं तर आयोजकांना थेट सांगा: आम्हाला कायदा सांगा, उदाहरणं सांगा, आमच्या रजेबद्दल आणि कामाच्या तासांबद्दलही बोला. ऐकत नसतील तर मला कळवा, माझ्याकडे त्यासाठीची तयार टिपणं आहेत.

आणि बायकोच्या पगाराबद्दल एक काम. या आठवड्यात दोघं बसून घरच्या खर्चाचा कागद एकत्र करा. कोणता खर्च कुणाच्या खात्यातून, घरातलं कोणतं काम कुणाकडे, विमा कुणाच्या नावावर, सगळं एका पानावर येऊ द्या. बहुतेक घरांत पैशाची बाजू बदललेली असते आणि कामाची बाजू तीच असते, ते त्या पानावर दिसतं. मग तिला विचारा की तिला यातलं काय जड जातंय. मधे बोलू नका, शेवटपर्यंत ऐका. त्यानंतर तुमची पाळी. बढती हुकल्याचं किती लागलं आहे ते तुम्ही मला लिहिलंत तितकं सविस्तर तिला सांगितलेलं नसावं, असा माझा अंदाज आहे. तिथून सुरू करा.